साहेब यायच्या आधी पोतारलेलं घर

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीला भोपाळहून एक मुलगी आली होती. शिकलेली, बोलायला बरी. तिने विचारलं, पाऊसपाणी बिघडल्यामुळे ज्यांना आपलं घर सोडावं लागतं, त्यांना सरकारने कसं सांभाळावं असं तुम्हाला वाटतं? सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी वयाने मोठी आणि तोंडाने फटकळ, म्हणून. मी म्हटलं, विचार करून सांगते. ती चहा पिऊन गेली. मी अजून विचारच करते आहे.

मी चौथी शिकलेली बाई. सरकारला सल्ला देण्याएवढं मला कळत नाही. पण सरकारने एकदा आम्हाला सांभाळायचं ठरवलं होतं, तेव्हा मी तिथे होते. काय झालं ते मी सांगू शकते. त्यातून काय शिकायचं ते मला तेव्हा कळलं नाही, आताही नीट कळत नाही.

सौंसर तहसिलीत जाम नदीच्या काठी आमचं गाव. गाव वर, आमची वस्ती खाली. खाली का, ते विचारण्यात अर्थ नाही. आमच्या लोकांना सगळीकडे खालचीच जागा मिळालेली आहे. तरी आधी आम्ही नदीला एवढे लागून नव्हतो. लागोपाठ कोरडे पावसाळे गेले, विहिरी आटल्या, संत्र्याचे बगीचे उभे वाळले. आमची रोजी बगीच्यांवरच, त्यामुळे वस्तीतले काही पुरुष नागपूरला निघून गेले. तेव्हा सरकारने आमच्यासाठी बोरिंग खोदून दिलं. पाणी लागलं ते अगदी काठाला. मग लोकांनी एकेक करून घरंही त्या बोरिंगजवळ नेली. आमचंही नेलं. सासरा तेव्हा जिवंत होता, भिंती त्यानेच घातल्या. म्हणजे दुष्काळाने आम्हाला नदीजवळ नेलं, आणि मग नदीने तिथून उठवलं. आता यात दोष कोणाचा? बोरिंगचं पाणी गोड होतं, ते अजून आठवतं.

पूर आला ते साल मी सांगत नाही, कारण नक्की आठवत नाही. ऐंशीनंतरचं आणि नव्वदच्या आधीचं. माझी धाकटी मुलगी तेव्हा रांगत होती. आषाढ होता. सकाळची वेळ, चुलीवर भाकर होती. पाणी ओरडत वगैरे आलं नाही. अंगणात आलं, ओट्यावर आलं, आणि चुलीतला विस्तव फस्सकन विझला. मी पोरी उचलल्या, सासूने ज्वारीने भरलेला कट्टा डोक्यावर घेतला, आणि आम्ही सगळ्याजणी वरच्या शाळेत गेलो. मला आठवतं, अर्ध्या वाटेत सासू म्हणाली, "तवा राह्यला व."

"राहू द्या, मामी."

"नवा होता."

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामी कमी बोलायची, आणि बोलली की हुकूम सोडायची. ती तव्यासाठी परत वळली होती. मी तिचा पदर धरून ओढला.

शाळेत आम्ही पूर ओसरेपर्यंत राहिलो. सरकारी खिचडी यायची. मास्तर रोज येऊन विचारायचे, "कधी जाऊन राहिले तुम्ही?" त्यांचंही खरं होतं, पोरांना बसायला जागा नव्हती. तिथेच तहसिलीची दोन माणसं आली आणि त्यांनी सांगितलं की सरकार आता आम्हाला काठावर राहू देणार नाही, सडकेच्या पलीकडे उंच माळावर जागा देणार. पटवारी येऊन घरं पाहील, मग ठरेल कोणाला द्यायची.

ही बातमी ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. माळावर कितीही पाऊस पडला तरी नदी चढणार नाही. पोरी झोपलेल्या असताना ओट्यावर पाणी आलं का ते पाहायला उठावं लागणार नाही. मला ती जागा हवी होती. एवढंच हवं होतं त्या वर्षी, दुसरं काही नाही.

पाणी उतरलं आणि आम्ही घरी आलो. घर उभं होतं. पण भिंतीचा खालचा भाग गाळात भिजून फुगला होता, जसा पाव चहात फुगतो तसा. चुलीच्या बाजूच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. घरात गुडघाभर चिखल. नवा तवा गेला होता, जुना होता तिथेच.

इथे आमच्या वस्तीची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आम्ही वर्षावास पाळतो. रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, सगळी वस्ती ऐकायला बसते. ग्रंथ विहारात बसतो. पण त्या वर्षी विहारात एवढा गाळ होता की बसायला जागा नव्हती. आमचं घर थोडं उंचावर, म्हणून ठरलं की ग्रंथ आमच्या घरी बसवायचा. आणि एकदा ज्या घरी ग्रंथ बसला त्या घरातून तो आश्विन पौर्णिमेपर्यंत हलवायचा नाही. ग्रंथ ज्या घरी येणार ते घर शेणमातीने छाबलेलं, वरून पांढऱ्या मातीने पोतारलेलं पाहिजे. नुसतं ते घर नाही, ज्या ओळीतून ग्रंथ नेतात ती सगळी ओळ.

पौर्णिमा तोंडावर आलेली. आणि पटवारी पौर्णिमेनंतर येणार, असा निरोप होता.

मी म्हटलं, "मामी, ओल्या भिंतीले पोतारा काय धरते? वाळू द्या."

"अन् ग्रंथ चिखलात बसवू?"

"साहेब घर पाह्याले येऊन राहिला ना."

"म्हनूनच तं म्हन्तो. चार माणसं येतीन, साहेब येईन, आन् आपन गाळात बसलो दिसू? म्हन्तीन, ह्या लोकायले राह्याची अक्कलच नाई."

हे शेवटचं तिने अशा आवाजात सांगितलं की मी टोपली उचलली. आमच्या बायकांना ते वाक्य जन्मापासून ऐकू आलेलं आहे. घर घाण दिसलं तर माणूस घाण म्हणायला सगळे टपलेलेच असतात. म्हणून आमच्या वस्तीत खायला नसलं तरी ओटा सारवलेला असतो. मामीचं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आताही म्हणता येत नाही.

पुराने काठ कापला होता आणि आतली पांढरी माती उघडी पडली होती. एवढी चांगली माती आम्हाला कधी मिळाली नव्हती. सगळ्या बायका टोपल्या घेऊन तुटून पडल्या. भेगा शेणमातीने बुजवल्या, फुगलेला भाग थापून सपाट केला, वरून पांढरा पोतारा फिरवला, खाली गेरूची किनार काढली. मामीने तर दाराच्या दोन्ही बाजूंना कमळं काढली. हात दुखून आले, पण ओळ अशी दिसू लागली की कोणाचं लग्न आहे असं वाटावं.

एकच घर राहिलं. आमच्या समोरची बाई बाळंतीण होती. तिचा नवरा दुष्काळात नागपूरला गेला तो तिकडेच राहिला; पैसे पाठवायचा, स्वतः वर्षातून एखाद्या वेळी यायचा. तिच्याने उठवत नव्हतं, तर पोतारणार काय? मी तिची भिंत पोतारून द्यायला निघाले तर मामी म्हणाली, आधी आपलं होऊ दे. आपलं होईपर्यंत तिची मागची भिंत पडली. बायका म्हणाल्या, "पाह्य बाप्पा, सगळ्या ओळीची शोभा घालवली हिनं." ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "शोभा तुमची, पोरगं माहं. मी तं पोरगं वाचवलं ना." तिला बोलणं कधी कमी पडलं नाही.

पौर्णिमेला ग्रंथ आला. पांढऱ्या कपड्यात बांधलेला, पुढे मेणबत्त्या. आमच्या घरात बसला. आणि त्यानंतर पटवारी आला.

तो घराघरापुढे उभा राहिला. आत शिरला नाही. समोरचीच्या घरापुढे उभं राहून म्हणाला, "यह तो गया." लिहिलं. मग आमच्याकडे वळला. कमळांकडे पाहिलं आणि खूश झाला.

"वाह. मकान तो बढ़िया रखा है, बाई."

मामी एवढी हसली की तिचा पडलेला दात दिसला. "चाय घ्या साहेब."

"अभी पी के आया हूँ."

तो आमच्याकडे चहा पिणार नव्हताच, ते दोघांनाही माहीत होतं. आमच्या घरचं पाणी न पिणारा माणूस घराचं कौतुक मात्र करून गेला. मामी दिवसभर तेच सांगत होती, साहेबाने वाह म्हटलं, वाह म्हटलं.

काही दिवसांनी कळलं. माळावरची जागा समोरचीला मिळाली, आणि ओळीतल्या ज्या दोन-तीन घरांचा पोतारा धरला नव्हता त्यांना मिळाली. आम्हाला नाही. आमचं घर चांगलं होतं.

मामीला ते कळेचना. "वाह म्हनलं त्यानं," ती म्हणाली. "मी तिथी होती. वाह म्हनलं."

माझा नवरा म्हणाला, "वाह म्हनलं म्हनूनच तं, माय."

तो, मी आणि मामी बसने सौंसरला गेलो. तहसिलीत बाबूने सांगितलं की पंचनामा झाला, आता काही होत नाही. मामी तिथेच जमिनीवर बसली आणि उठली नाही. शेवटी तहसीलदाराने आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर माझं डोकं एवढं गोंधळलं नसतं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, ठीक आहे, मी स्वतः येऊन पाहीन.

आता त्याला दाखवायचं काय? पोताऱ्याखाली भिंत भिजलेली होती, पण ती दिसत नव्हती. समोरची पोराला पाजत म्हणाली, "खरवडा ना. आत आहे तसं बाहेर दिसू द्या."

मग ज्या हातांनी पोतारली त्याच हातांनी आम्ही भिंत खरवडली. विळ्याने, उलथन्याने. मामीने कमळांना हात लावू दिला नाही. भेगेच्या बाजूची तेवढी खरवडली. ओलसर माती ढेकळं ढेकळं गळाली. भेग होती तिथेच होती, वाढलेली.

तहसीलदार आला. वाकून भिंत पाहिली, विळ्याचे ओरखडे पाहिले, खाली पडलेली ढेकळं पाहिली.

"यह तो आपने खुद उखाड़ा है."

मामी म्हणाली, "उखाडलं नाई तं दिसनार कसं, साहेब?"

"तो पहले लीपा क्यों?"

"तुम्ही येनार म्हनून."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याला हसू आलं होतं, पण तो हसला नाही. भेगेत त्याने स्वतः बोट घातलं. मग म्हणाला की मला जे दिसतं तेच लिहिता येतं, मांजी, आणि मला आता दिसतंय की भिंत तुम्ही फोडली. भेग पुराची की जुनी, हे मी कसं सांगू? थोडं नुकसान झालं असं लिहून त्याने आम्हाला बांबू आणि छपराचे कवेलू मिळवून दिले. जागा नाही. जागा फक्त पडलेल्या घरांना.

तो गेल्यावर नवरा कोपऱ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला. "पडलेलंच पाह्यजे ना त्यायले? पाडतो. एक धक्का दिला का येते खाली."

मला तेव्हा वाटलं, पाड. खरंच वाटलं. मामी भिंतीला पाठ लावून बसली.

"ग्रंथ आहे आत."

"ग्रंथ समोर नेऊन ठेवू."

"आश्विन पुनवेपर्यंत हलत नाई. तुह्या बापानं घातली भिंत. मले बी पाड मंग."

सब्बल परत कोपऱ्यात गेली. रोज संध्याकाळी सगळी वस्ती त्याच भेगेशेजारी बसून ग्रंथ ऐकायची. ऐकताना मी भिंतीकडे पाहायचे आणि काय ऐकलं ते मला कळायचं नाही. पडली तर जागा मिळेल, आणि पडली तर पोरींवर पडेल. कशाची वाट पाहावी? भिंत पडली नाही. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ उठला तोवर माळावरच्या जागा वाटून झाल्या होत्या.

समोरची माळावर गेली. तिला मी टोमणा मारला, "आता तू वरची झाली बाप्पा." ती म्हणाली, "ये ना पाह्याले, वर काय काय आहे तं." मी गेले. वर काही नव्हतं. खडक होता, वारा होता. झाड नाही, पाणी नाही. सरकारने सगळ्यांना पुरापासून वाचवलं आणि पाण्यापासूनही. ती रोज पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, घेऊन खाली आमच्या बोरिंगवर यायची, पोरगं आमच्या ओट्यावर टाकायची, दिवसभर खाली रोजीला जायची आणि अंधार पडायच्या आत वर चढायची. तिच्यासोबत जागा मिळालेले बाकीचे उन्हाळ्यात गुपचूप खाली परत आले. त्यांना पटवाऱ्याने सांगितलं, तुम्हाला एकदा दिलं, आता तुमचं काही राहिलं नाही. म्हणजे ते वरचेही नाहीत आणि खालचेही नाहीत. हे लोक कुठले म्हणायचे ते त्या भोपाळच्या मुलीला मी विचारायला पाहिजे होतं.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला नाही. बेताचा पाऊस. एका दुपारी मी अंगणात डाळ निवडत होते, मामी दारात होती, आणि चुलीच्या बाजूची भिंत हळूच आत बसली. जशी थकलेली म्हातारी बसते तशी. आत बांधलेली बकरी मेली. बाकी कोणाला लागलं नाही. मामी उठून पाहायला गेली आणि म्हणाली, "आता लिहीन तो."

नवरा पटवाऱ्याकडे गेला. पटवारी म्हणाला, "इस साल बाढ़ कहाँ आई?" पूर नाही तर पुराने पडलेलं घर कसं? त्याचंही बरोबरच होतं. त्या दोन वर्षांत आम्हाला भेटलेला प्रत्येक माणूस बरोबर बोलत होता, आणि आमचं घर पडलेलं होतं.

संध्याकाळी समोरची गुंड घेऊन आली. पडलेली भिंत पाहिली, मेलेली बकरी पाहिली. म्हणाली, "वर चाला. माह्या जागेत अर्ध्यात टाका छप्पर."

मामी म्हणाली, "तुह्या जागेत आमी कशा?"

"दिवसभर मी खाली राह्यतो. पटवारी आला अन् घर रिकामं दिसलं तं जागा काढून घेईन. तुमी राह्यसान तं कोनी तं दिसन. अन् मले एकटीले भेव लागते वर."

त्यात ती उपकाराचं काही बोलली नाही, म्हणून आम्हाला जाता आलं. सरकारने दिलेले बांबू आणि कवेलू आम्ही खालून वर वाहून नेले. पुरासाठी मिळालेलं सामान पूर नसलेल्या वर्षी कामी आलं. तिच्या घराला टेकून आमचं छप्पर उभं राहिलं. मामीने पहिल्या आठवड्यातच भिंती छाबल्या, पोतारल्या, गेरूची किनार ओढली, दारापाशी पुन्हा कमळं काढली. मी माती कालवून दिली.

मग खबर आली की पटवारी तपासणीला येणार; जागा ज्याला दिली तोच राहतो का, दुसरा कोणी घुसला का, हे पाहणार. दुसरा घुसलेला दिसला तर दोघांचंही जाणार. समोरची धावत आली आणि मामीसमोर उकिडवी बसली.

"काकी, किनार पुसा."

"काऊन?"

"मी सांगनार, हे माहं सैपाकघर आहे. सैपाकघराले कोनी दारापाशी कमळं काढते का?"

मामीने कमळांकडे पाहिलं. मला वाटलं ती भिंतीला पाठ लावून बसेल, जशी मागे बसली होती. मी पोरींकडे पाहत होते. तिनेही पाहिलं. मग तिने बादलीत फडकं बुडवलं आणि स्वतःच्या हाताने कमळं पुसली. पुसूनही ती दिसतच होती थोडी, तर तिने वरून चुलीतली राख चोळली. स्वतःचं घर काळं करताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पटवारी आला. तोच, वाह म्हणणारा.

"यह क्या है?"

"सैपाकघर आहे साहेब," समोरची म्हणाली.

"और ये लोग?"

"सोबतीले आहेत. माहा मानूस नागपूरले राह्यते."

त्याने आमच्या छपराकडे पाहिलं, राखेच्या भिंतीकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. त्याने ओळखलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ओळखलं असेल तर तो भला माणूस होता, आणि नसेल तर तो आंधळा होता, आणि दोन्हीतून आमचा फायदा सारखाच झाला. "रसोई," असं म्हणत त्याने लिहिलं आणि पुढे गेला.

अशा रीतीने सरकारच्या लेखी आम्ही पुढे कित्येक वर्षं तिचं स्वयंपाकघर होतो. माझ्या पोरी त्या स्वयंपाकघरात वाढल्या, तिथूनच त्यांची लग्नं झाली. नदी पुन्हा दोनदा चढली, माळावर आली नाही. पाणी मात्र पुष्कळ वर्षांनी आलं, तोवर समोरची आणि मी मिळून खालून वाहिलं.

म्हणून त्या मुलीला काय सांगू? घर पडायच्या आधी विचारा, असं सांगू? विचारायला आले असते तर मामीने चहा ठेवला असता आणि आमचं बरं आहे म्हटलं असतं. बाहेरून पाहून जाऊ नका, आत या, असं सांगू? एक जण आत आला होता, त्याने बोटही घातलं होतं. ओळीच्या ओळ सोबत न्या, पाणी आधी पोचवा, हे मात्र मी नक्की सांगेन. बाकीचं मला ठरवता येत नाही.

पटवारी माळ उतरून गेला त्या दिवशी मामी दारात बसून राहिली. समोरची हसत होती, मीही हसले असेन. मामी म्हणाली, "माह्या घराले सैपाकघर म्हनलं."

"वाचलो ना, मामी."

"वाचलो," ती म्हणाली, आणि गेरूचं भांडं कुठे ठेवलं ते शोधायला उठली.